सरकीचा ढीग, युरेनियमचा दगड

माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, डाव्या गालावर रुपयाएवढा एक निबर डाग आहे. तो सळईनं पडला. नंदुरबारच्या एका जिनमध्ये त्यांनी बरीच वर्षं सरकीचे ढीग सांभाळले. ढीग सांभाळणं म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही.

जिनमध्ये कापूस येतो, यंत्रावर रुई आणि सरकी वेगळी होते. रुईच्या गाठी बांधून त्या रेल्वेनं जातात. सरकी मागच्या शेडमध्ये ओतत राहतात. तिचा घराएवढा ढीग होतो आणि तेलाच्या गिरणीकडे जाईपर्यंत तो तिथंच असतो. सरकी दमट असली आणि ढीग मोठा असला, तर तो आतून तापायला लागतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून ढिगात लांब लोखंडी सळया खुपसून ठेवतात. आबा सकाळी आणि दुपारी ढिगाला फेरी घालत, एकेक सळई उपसत आणि तिचं टोक गालाला लावत. कामानं हाताची कातडी इतकी जाड झाली होती की हाताला ऊब कळत नसे, म्हणून गाल. सळई कोमट लागली तर लक्ष ठेवायचं. चटका बसला तर ढीग फोडायचा. फोडायचा म्हणजे वीस-पंचवीस बायकांनी फावडी-पाट्या घेऊन दिवसभर सरकी उपसायची आणि बाहेर अंगणात पातळ पसरायची. पसरली की तीच सरकी बघता बघता निवते.

लहानपणी मला याचं नवल वाटे. तेच दाणे एकत्र असले की तापतात आणि वेगळे केले की गार पडतात. मी आबांना विचारलं होतं, तर ते म्हणाले होते की सरकी जिवंत असते, दाटीत तिचा जीव गुदमरतो. मला ते उत्तर पुरलं. पुढं शाळेत गेल्यावर मात्र पुरेना, आणि मग मी विचारणंच सोडून दिलं.

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. त्यानंतर धुळ्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला गेलो, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मला वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर त्या नजरेनं मी दमून गेलो. कॉलेजात इंग्रजी समजत नसे. एका घरी दोन मुलांना शिकवून मला राहायला खोली मिळाली होती. सकाळी स्वयंपाक, मग प्रॅक्टिकल, मग शिकवणी, मग शब्दकोश उघडून दुसऱ्या दिवसाचं पान. सुटीला एसटीनं घरी आलो की मी आधी झोपायचो. माय म्हणायची, हा शिकतो की दगड फोडतो.

त्या वर्षीही मी होळीला असाच आलो होतो.

आमच्या भागात होळीच्या आठवड्याला जिनचं काम निम्म्यावर येतं. ढीग फोडणाऱ्या बायका बहुतेक धडगावकडच्या, डोंगरातल्या. हंगामात त्या खाली उतरतात, जिनच्या मागं पालं टाकून राहतात, आणि होळी जवळ आली की एकजात वर निघून जातात. आधी काठी गावची होळी, मग शेजारच्या गावांची. आठ-दहा दिवस त्यांना कोणी थांबवू शकत नाही, आणि कोणी थांबवतही नाही. मालकालाही हे ठाऊक असतं. म्हणून होळीच्या आधी ढीग लहान करून घ्यायचा, अशी आबांची पद्धत होती. त्या वर्षी ते जमलं नव्हतं. तेलगिरणीला सरकी न्यायला रेल्वेचे डबे मिळाले नव्हते, सरकी शेडमध्ये साचत गेली होती. त्यात कापूस दमट आला होता. वजन वाढावं म्हणून गाडी भरताना कापसावर पाण्याचा हबका मारायची खोड काही लोकांना आहे, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतं.

धुळवडीच्या सकाळी मी आबांची भाकर घेऊन जिनवर गेलो. आबांनी फाटकातल्या कोनाड्यात बिडीची डबी आणि काडेपेटी ठेवली होती. ते रोजच तसं करत. शेडजवळ जाताना खिशात काडी नको, हा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतला होता. ते एका सळईपाशी उभे होते. मला बघून त्यांनी ती सळई माझ्या गालाला लावली. चटका नव्हता, पण तापात कपाळ लागतं तशी ती ऊन होती.

आबांनी मुकादमाला सांगितलं की आजच ढीग फोडला पाहिजे. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं रिकाम्या पालांकडं हात केला आणि बाया कुठून आणू, असं विचारलं. यंत्रावर होते तेवढे आठ-नऊ लोक, तेही रंग खेळून आलेले. आबांनी सळई परत ढिगात खुपसली. मग ते माझ्याकडं वळले.

"तू काय म्हनस?"

मला हे वाक्य अजून ऐकू येतं. आबांनी मला त्याआधी कधी काही विचारलं नव्हतं. घरातलं नाही, कामातलं तर नाहीच. मुकादमही माझ्याकडं बघत होता. मला वाटलं, इतकी वर्षं शिकलो त्याचा काही उपयोग आज दिसायला हवा. महिन्यापूर्वीच वर्गात बाष्पीभवन झालं होतं. पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं, माठातलं पाणी त्यामुळंच गार राहतं. मी तेच सांगितलं. ढिगावर पाणी मारा, उष्णता निघून जाईल.

मुकादमाला ते लगेच पटलं, कारण त्यात माणसं लागत नव्हती. आबा थोडा वेळ सळईकडं बघत राहिले. मग त्यांनी हौदाकडं जाऊन बादली उचलली. तीन तास आम्ही बापलेक पाणी वाहत होतो. मी ढिगावर चढून झारीनं शिंपडत होतो आणि आबा खालून बादल्या देत होते. संध्याकाळी सळया गार लागल्या. मुकादमानं माझ्या पाठीवर थाप मारली. घरी जाताना आबा काहीच बोलले नाहीत, आणि मी ते समाधानाचं न बोलणं समजलो.

दुसऱ्या दिवशीही सळया बऱ्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्या सकाळी ऊन होत्या आणि दुपारी त्यांनी चटका दिला. चौथ्या दिवशी शेडमधून आंबूस, भाजल्यासारखा वास यायला लागला आणि ढिगाच्या माथ्यावर पांढरी वाफ दिसली. होते त्या माणसांना घेऊन मुकादम वर चढला आणि त्यांनी माथा उकरला. उकरल्यावर आत हवा गेली. मी अंगणात उभा होतो. आधी काळा धूर आला, आणि मग दिवसाउजेडी ज्वाळा दिसेनात अशी ती आग होती, फक्त वरचे पत्रे हलल्यासारखे दिसत होते. माणसं उड्या मारून खाली आली. कोणाला इजा झाली नाही. शेड गेली, सरकी निम्मी गेली.

मुकादमाच्या तोंडावर राख होती. तो नुसतं एवढंच म्हणाला, "यंदा आपली होळी दोनदाव पेटनी." कोणी हसलं नाही.

दोन दिवसांनी विम्याचे साहेब आले. जिनच्या ओसरीवर खुर्ची टाकून ते बसले आणि एकेकाला बोलावून विचारू लागले. सगळी माणसं खाली उकिडवी बसली होती. साहेबांना एवढंच हवं होतं की आग कोणी लावली, किंवा कोणाच्या हातून लागली. शेडमध्ये दिवसभर कोण असतं? आबा. आबा बिडी ओढतात का? ओढतात. एवढ्यावर बाकीच्यांचे चेहरे सैल झाले. उत्तर सापडलं होतं आणि ते इतर कोणाच्या अंगावर आलं नव्हतं.

आबा उभे राहिले. "कोनी पेटाडं नही, साहेब," ते म्हणाले. "मझारतून पेटनं."

मझार म्हणजे आत. साहेबांना कळलं नसावं, म्हणून मुकादमानं सांगितलं की आतून पेटलं म्हणतो आहे. साहेब हसले. त्या हसण्यात कुचेष्टा होती असं मी म्हणणार नाही. विस्तवाशिवाय आग लागते का हो बाबा, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. आबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तेव्हा मुकादमानं माझ्याकडं बोट केलं.

"हाऊ कालेजमा शे. यालेच इचारा."

साहेबांनी मला पुढं बोलावलं. त्यांनी विचारलं की तू विज्ञान शिकतोस, तर सांग, अशी धान्याची किंवा सरकीची रास आपोआप पेट घेऊ शकते का.

मी काय करायला हवं होतं ते मला आज स्वच्छ दिसतं. सळई गालाला लावलेली मला आठवत होती. ढीग तापतो हे मी लहानपणापासून बघत होतो. पण साहेब विज्ञान विचारत होते, आणि मी शिकलेल्या कुठल्याही पुस्तकात सरकीचा ढीग नव्हता. जे वाचलेलं नाही ते खरं म्हणून सांगायचं धाडस मला झालं नाही. हे झालं एक कारण. दुसरं असं की, आतून पेटलं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की त्या आठवड्यात ढिगाला काय केलं होतं. मग पाण्याची गोष्ट निघाली असती. यातलं कोणतं कारण मोठं होतं ते मला नक्की सांगता येत नाही. मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे.

"तसं मी कुठं वाचलेलं नाही," मी म्हणालो.

मी ते शुद्ध मराठीत म्हणालो. आबांच्या समोर मी तोवर कधी त्या भाषेत बोललो नव्हतो. आबा खाली बसले. त्यांनी पाण्याबद्दल एक शब्द काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मुकादमही गप्प राहिला, कारण बादल्यांना परवानगी त्यानं दिली होती.

आबांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बिडीनं जिन जाळणारा माणूस, हे नाव त्यांना चिकटलं. नंदुरबारातल्या कोणत्याही जिनच्या फाटकावर ते आधी पोचलेलं असे. शेवटी तापीकाठी, प्रकाशा गावाच्या बाजूला, एका गुजर शेतकऱ्याच्या मळ्यात केळीला पाणी भरायचं काम त्यांना मिळालं. ते तिथंच खोपटात राहू लागले. पंधरा दिवसांनी घरी येत. मी धुळ्याला गेलो, परीक्षा दिली आणि कसाबसा पास झालो.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते फारसं आठवत नाही. आठवतो तो थकवा. वर्गात बसलो की डोळे मिटायचे. अशाच एका दिवशी आमच्या फिजिक्सच्या सरांनी मला थांबवून घेतलं. कॉलेजच्या विज्ञान मंडळात दर महिन्याला एका विद्यार्थ्यानं निबंध वाचायचा असे आणि माझी पाळी आली होती. सरांनी मला टंकलिखित सात-आठ पानं दिली. तेव्हा मुंबईजवळच्या अणुभट्टीबद्दल वर्तमानपत्रात अधूनमधून येत असे आणि मुलांना त्याचं आकर्षण होतं. मला वाटलं, तेच असेल. पण पानांवर दुसरंच होतं. माणसानं भट्टी बांधायच्या फार फार आधी, जमिनीच्या पोटातल्या युरेनियमच्या साठ्यात अशी भट्टी आपोआप पेटली असेल का, असा तो प्रश्न होता. अमेरिकेत राहणाऱ्या एका जपानी रसायनशास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं होतं की तसं होणं शक्य आहे.

ती पानं वाचायला मला तीन आठवडे लागले. मला जे समजलं ते असं. युरेनियमचे अणू मुख्यतः दोन जातींचे. त्यातली जी जात सहज फुटते, ती आज खडकात शंभरात एकही भरत नाही. एक अणू फुटला की त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण उडतात, ते शेजारचे अणू फोडतात, त्यातून आणखी कण, आणि उष्णता. आजच्या खडकात ही मालिका टिकत नाही, कारण फुटणारे अणू फारच विरळ आहेत. पण ही फुटणारी जात दुसरीपेक्षा लवकर झिजते. म्हणजे मागं मागं गेलं तर ती जास्त असली पाहिजे. दोन अब्ज वर्षांपूर्वी ती शंभरात तीनच्या आसपास होती. तेव्हा एखादा थर पुरेसा जाड असेल, तर मालिका सुरू होऊ शकली असती. पातळ असेल तर नाही. पातळ थरातून कण बाहेर निसटून जातात.

इथपर्यंत वाचलं आणि मी पान खाली ठेवलं. जाड थर तापतो, पातळ थर तापत नाही. हे मला कोणी तरी आधीच सांगितलेलं होतं.

पण त्यापुढचं मी दोनदा वाचलं. नुसता जाड थर पुरत नाही. पाणी लागतं. फुटलेल्या अणूतून कण इतक्या वेगानं सुटतो की तो पुढच्या अणूला सहसा फोडू शकत नाही. थरात पाणी झिरपलेलं असेल तर कण त्यात धक्के खात मंद होतो, आणि मंद झालेला कण अणू फोडतो. पाणी नाही तर भट्टी नाही. सरांनी पुढं फळ्यावर काढून दाखवलं की खडक तापला की पाण्याची वाफ होऊन ते निघून जाईल, मग भट्टी थांबेल, खडक निवेल, पाणी परत झिरपेल आणि ती पुन्हा पेटेल. कोणी पेटवायला नको, कोणी विझवायला नको.

मी निबंध वाचला. शेवटी एका मुलानं विचारलं की पाण्यानं आग विझते हे आपण जाणतो, मग इथं ती पाण्यानं पेटते कशी. मला कणांचं उत्तर येत होतं. ते द्यायच्या ऐवजी मी सरकीच्या ढिगाबद्दल बोलायला लागलो. दमट सरकी, मोठा ढीग, सळया, गाल. मुलं हसतील असं वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही. मी पाण्याच्या बादल्यांपर्यंत आलो आणि तिथं थांबलो.

नंतर सरांनी मला जवळ बोलावलं. ते म्हणाले, "उदाहरण चांगलं आहे, पण दोन्ही एक समजू नकोस. तिथं अणूचं केंद्र फुटतं. सरकीत जिवाणू आणि बुरशी वाढते, तिची ती ऊब आहे. आणि हेही ध्यानात ठेव की असा खडक अजून कोणाला सापडलेला नाही. हे गणित आहे, पुरावा नाही."

मी विचारलं, "सर, पण सरकी खरंच आपोआप पेटते का?"

त्यांना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले की गवताच्या गंजी पेटतात, सरकीही पेटते, ही जुनी, माहीत असलेली गोष्ट आहे. त्यांनी ग्रंथालयातलं शेतीरसायनाचं एक जाड पुस्तक काढायला सांगितलं. त्यात मधल्या एका पानावर तो परिच्छेद होता. साठवलेल्या दमट तेलबिया आतून तापतात, वेळीच पसरल्या नाहीत तर पेट घेऊ शकतात, आणि तापू लागलेल्या राशीवर थोडं पाणी टाकणं धोक्याचं असतं. बारा ओळी. ग्रंथालयात मी ज्या टेबलावर रोज बसत असे, त्याच्या मागच्याच कपाटात ते पुस्तक होतं.

मी तो परिच्छेद उतरवून घेतला आणि खाली त्याचं मराठी केलं. होळीला अजून तीन आठवडे होते. मी थांबलो नाही. शनिवारची एसटी पकडली.

आधी जिनवर गेलो. नवी शेड झाली होती. मुकादम तोच होता. मी त्याला कागद वाचून दाखवला आणि म्हणालो की आबांनी बिडी ओढली नव्हती, ढीग आतून पेटला, आणि पाणी मारायला मीच सांगितलं होतं. शेवटचं वाक्य मी मोठ्यानं म्हणालो, जवळ उभ्या असलेल्या चार माणसांना ऐकू जावं म्हणून. मुकादमानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं मला बाजूला घेतलं.

"तवय बोलता तं तुन्हं कालेज सुटी जातं," तो म्हणाला. "आते काय बोलस?"

तेव्हा बोललो असतो तर आळ माझ्यावर येऊन माझं कॉलेज सुटलं असतं, हे तो खरंच म्हणत होता. तो पुढं म्हणाला की विम्याचं काम मिटलं आहे, ते कोणी उघडणार नाही. पण बापाला म्हणावं ये, नवा माणूस सळई गालाला लावत नाही, नुसती हातानं चाचपतो, आणि आम्हाला झोप येत नाही. त्यानं चहा मागवला. मी तो प्यायलो. नको म्हणायचीही शक्ती उरली नव्हती.

फाटकाशी झाडणारी म्हातारी बसली होती. आमचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती कोनाड्याकडं बघत म्हणाली, "डबी तं तठेच व्हती. त्या दिन बी. माले कोनी इचारं नही."

तिथून प्रकाशाकडं जाणारी बस मिळायला दुपार झाली. आबा केळीच्या पाटात उभे होते, फावड्यानं बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवत होते. मला सुटी नसताना आलेला बघून ते घाबरले, घरी कोणाला काय झालं म्हणून विचारू लागले. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. पुस्तकातलं, जिनवरचं, म्हातारीचं. साहेबांपुढं मी पाण्याला भिऊन गप्प बसलो होतो, हेही सांगितलं. ते सांगताना मी त्यांच्याकडं न बघता पाण्याकडं बघत होतो.

एक वाफा भरला, तो बंद करून त्यांनी दुसरा उघडला. मी विचारलं की पाणी मारल्यानं ढीग जास्त तापेल हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का.

"अंदाज व्हता," ते म्हणाले.

मग का मारलं, असं मी विचारलं.

"बाया नव्हत्यात. पानी व्हतं." आणि थोडं थांबून, "आनि तू सांगं."

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. एखाद्या कामाची कारणं सांगावीत तशी तीन कारणं सांगितली, मी सांगितलं होतं हे तिसरं, आणि फावडं उचललं. मुकादमाचा निरोप दिला तर त्यांनी मान हलवली. आता सळई नको म्हणाले. "केळ काय पेटस नही."

मग बांधावर येऊन बसले, तंबाखू मळली, आणि मला एवढं कसलं भाषण द्यायला लावलं होतं ते सांग म्हणाले. मी त्यांना युरेनियमच्या दगडाचं सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं केलं. जमिनीखाली दगडाचा जाड थर, त्यात झिरपलेलं पाणी, दगड तापतो, पाणी उडून जातं, दगड निवतो, पाणी परत येतं. असं हजारो वर्षं. ते लक्ष देऊन ऐकत होते. सळई कोण घालायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की कोणीच नाही, तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता, माणूस काय, झाडंसुद्धा नव्हती. हे खरंच घडलं का ते अजून कोणाला माहीत नाही, पुरावा सापडलेला नाही, हेही मी सांगितलं.

आबांनी पिंक टाकली.

"बरं व्हयनं मानूस नव्हता," ते म्हणाले. "नही तं त्यानाच डोकावर येतं."

मला हसू आलं आणि ते थांबेना. आबाही हसले. बऱ्याच महिन्यांनी आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो.

निघायच्या आधी त्यांनी कागद वाचायला सांगितला. इंग्रजी नको, खालचं. मी बारा ओळींचं मराठी हळूहळू वाचलं. ढीग आतून तापतो, इथं त्यांनी मान डोलावली. पाणी टाकणं धोक्याचं, इथं काही केलं नाही. रास पसरून थंड करावी, या ओळीला त्यांनी मला थांबवलं. हे अर्धवट आहे म्हणाले. तापलेला ढीग माथ्यावरून उकरायचा नाही. त्या दिवशी उकरला, म्हणून भडका झाला. वाऱ्याची बाजू सोडून खालून सुरुवात करायची, हातहातभर काढायचं, काढलेलं लगेच लांब न्यायचं. हे त्यात का लिहिलेलं नाही, असं त्यांनी मला विचारलं, जणू ते पुस्तक मीच लिहिलं होतं.

मी म्हणालो की लिहिणाऱ्याला माहीत नसेल.

"मंग लिखी ले," आबा म्हणाले.

माझ्याकडं पेन्सिल होती. मी कागद गुडघ्यावर ठेवला आणि समासात ते सांगतील तसं लिहून घेतलं. ते मधेच थांबायचे, आठवायचे, एखादी गोष्ट दुरुस्त करायचे. समास पुरला नाही, म्हणून कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. शेवटची बस केव्हा निघून गेली ते आम्हाला कळलं नाही.